कॉफीचा ‘आदर्श’ चौकोन कुणी आखला?

कॉफीबद्दल जरा गंभीरपणे वाचायला लागलात की एक आलेख तुम्हाला भेटतोच. कॉफीच्या पुस्तकांत असतो, बरिस्तांच्या प्रशिक्षणात असतो, भारी कॅफेंच्या भिंतीवरही कधीकधी फ्रेम करून लावलेला असतो. त्याचं नाव कॉफी ब्रूइंग कंट्रोल चार्ट. उभ्या अक्षावर कॉफी किती कडक, आडव्या अक्षावर पुडीतून किती अर्क उतरला. मधोमध एक चौकोन, आणि त्यात लिहिलेलं असतं ‘आदर्श’. चौकोनाच्या आजूबाजूला बाकीचे शेरे: फिकी, कडक, कडू, कच्ची.

मी रसायनशास्त्रात पीएचडी करतोय. माझा विषय कॉफी नाही, पण आलेख बघितला की अक्षांवर काय आहे, एकक काय, मोजलं कसं, हे तपासायची सवय लागलेली आहे. या आलेखाकडे त्याच नजरेनं बघू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या आलेखाचे दोन्ही अक्ष उत्तम आहेत, विज्ञान म्हणून भक्कम आहेत. गडबड आहे ती मधल्या चौकोनात. अक्ष मोजमाप सांगतात. चौकोन निकाल देतो, आणि तो निकाल मोजमापाच्या कपड्यांत फिरतो म्हणून आपण त्याला प्रश्न विचारत नाही.

आधी अक्ष समजून घेऊ

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण 30 टक्क्यांपर्यंतचा भाग गरम पाण्यात विरघळू शकतो. बाकीचा चोथा. त्या 30 मधले प्रत्यक्ष किती टक्के कपात आले, त्याला इंग्रजीत एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. मराठीत मला यासाठी तयार शब्द सापडतो तो साखर कारखान्यांचा: उतारा. एक टन उसातून किती साखर निघाली तो साखर उतारा, तसा 15 ग्रॅम पुडीतून किती अर्क निघाला तो कॉफीचा उतारा. फरक एवढाच, की उसाच्या बाबतीत उतारा जितका जास्त तितकं चांगलं. कॉफीत तसं नाही. आंबट चवीची बरीचशी द्रव्यं लवकर उतरतात आणि काही कडवट, तुरट द्रव्यं सावकाश. त्यामुळे किती उतारा घ्यायचा हा निवडीचा प्रश्न होतो.

दुसरा अक्ष कडकपणाचा. कपातल्या 100 ग्रॅम कॉफीत विरघळलेले घन पदार्थ किती ग्रॅम, हा तो आकडा. त्याला टीडीएस म्हणतात. ड्रिप कॉफीत तो सव्वा टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे ज्याला आपण कॉफी म्हणतो ते जवळपास पावणेनव्याण्णव टक्के पाणीच असतं! एस्प्रेसोत हाच आकडा 8 ते 12 टक्क्यांपर्यंत जातो.

एक उदाहरण करून बघू. 15 ग्रॅम पूड घेतली, त्यावर 250 ग्रॅम पाणी ओतलं. पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे कपात आली 220 ग्रॅम कॉफी. तिचा टीडीएस मोजला, आला 1.3 टक्के. मग विरघळलेला माल झाला 220 गुणिले 0.013, म्हणजे 2.86 ग्रॅम. भागिले 15. उतारा आला 19 टक्के. झालं. सहावीच्या गणितापलीकडे यात काही नाही.

टीडीएस मोजायचं यंत्र म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराच्या खिशात गोडी तपासायला जे असतं, त्याचंच हे जास्त अचूक भावंडं. द्रावणात पदार्थ जितका जास्त, तितका प्रकाश जास्त वाकतो. यंत्र वाकणं मोजतं आणि आतल्या कोष्टकावरून टक्के सांगतं. ते कोष्टक कॉफीसाठी बनवलेलं असतं, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

या दोन अक्षांनी एक मोठं काम केलं. ‘कडक’ आणि ‘कडू’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं. पूड जास्त घातली तर कॉफी कडक होते. तीच पूड जास्त वेळ किंवा जास्त बारीक दळून उकळली तर उतारा वाढतो. कॉफी फिकी झाली म्हणून ती जास्त उकळणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी हा आलेख एकदा बघावाच.

मग चौकोन कुठून आला?

अमेरिकेत 1950 च्या दशकात कॉफी उद्योगाच्या पैशांवर कॉफी ब्रूइंग इन्स्टिट्यूट नावाची संस्था चालत असे. तिच्यासाठी रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी 1957 मध्ये एक पुस्तिका लिहिली. कपातले विरघळलेले घन पदार्थ हे कॉफीच्या दर्जाचे निदर्शक मानता येतील का, असा तिचा विषय. हा आलेख तिथून आला. पुढे त्यातून रूढ झालेला चौकोन असा: उतारा 18 ते 22 टक्के, टीडीएस 1.15 ते 1.35 टक्के.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. 1.35 ला असं काय होतं की त्यापुढे कॉफी ‘आदर्श’ राहत नाही? पाणी 100 अंशांना उकळतं तशी ही निसर्गानं आखलेली रेघ आहे का? नाही. त्या काळातल्या अमेरिकी लोकांना कॉफी पाजून, त्यांना काय आवडलं ते विचारून या सीमा ठरल्या. त्यांनी जी कॉफी प्यायली ती कशी भाजलेली होती, कोणत्या जातीची होती, हे सगळं त्या सीमांमध्ये मुरलेलं आहे. आलेखावर मात्र ते कुठेच लिहिलेलं नसतं.

पुरावा हवा असेल तर तो उद्योगाकडेच आहे. युरोपातल्या स्पेशालिटी कॉफी संघटनेनं हाच आलेख वापरला, पण चौकोन जरा वर सरकवला: 1.2 ते 1.45. नॉर्वेच्या लोकांनी अजून वर नेला: 1.3 ते 1.55. आता गंमत बघा. 1.5 टीडीएसची कॉफी ऑस्लोत आदर्श, आणि तीच कॉफी बॉस्टनमध्ये प्रमाणाबाहेर कडक. रसायनशास्त्र दोन्हीकडे एकच आहे. बदलली ती माणसं.

मुळात लॉकहार्टांच्या कामात काही खोट नव्हती. लोकांना विचारून त्यांची आवड मोजणं हे संशोधनच आहे. खोट नंतर आली. ‘1950 च्या दशकातल्या अमेरिकी गिऱ्हाइकाला हे आवडलं’ या वाक्यातून गिऱ्हाईक गळलं, दशक गळलं, देश गळला, आणि उरलं ते ‘आदर्श’. संशोधनाचा प्रवास असा होतो तेव्हा मला काळजी वाटते. कारण आपल्या प्रत्येकाच्या पेपरचं असं होऊ शकतं.

शब्दांची भेसळ

आता चौकोनाभोवतीचे शेरे बघा. ‘कडू’ हे चवीचं वर्णन आहे. ‘कडक’ आणि ‘फिकी’ निम्मं वर्णन, निम्मी तक्रार. ‘कच्ची’ किंवा ‘अविकसित’ हा तर सरळ निकाल आहे. एकाच आलेखावर वर्णन आणि निकाल एकत्र मिसळलेत. परीक्षेच्या पेपरात एका प्रश्नाला गुण आणि दुसऱ्याला ‘मुलगा बरा आहे’ असं लिहून ठेवावं तसं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटानं (विल्यम रिस्टेनपार्ट, जाँ-झाव्हिए ग्विनार आणि त्यांचे विद्यार्थी) गेल्या काही वर्षांत ही भेसळ निस्तरायला घेतली. त्यांची पद्धत मला आवडली. त्यांनी दोन कामं वेगळी केली. प्रशिक्षित चव-परीक्षकांना फक्त वर्णन विचारलं: आंबट किती, कडू किती, जळकट वास किती. आवडली का, हे त्यांना विचारलंच नाही. आवड विचारली ती वेगळ्या, सामान्य लोकांना.

वर्णनातून जे निघालं त्यानं जुने शेरे बरेच हलवले. कडूपणा फक्त उताऱ्यानं वाढत नाही. तो उतारा आणि कडकपणा दोन्ही जास्त असतील तिथे, म्हणजे आलेखाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात जास्त असतो. आंबटपणा वरच्या डाव्या कोपऱ्यात: कडक, पण कमी उताऱ्याची. आणि गोडसर, चहासारखी, फुलांच्या वासाची कॉफी कुठे सापडली? खाली. कमी टीडीएसच्या भागात. जिथे जुन्या आलेखावर ‘फिकी’ म्हणून फुली मारलेली असते तिथे!

म्हणजे ज्या कॅफेवाल्याला फुलांचा हलका गंध गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचाय, त्यानं आदर्श चौकोनाच्या खाली उतरायला हवं. आणि आलेख त्याला सांगतो की तिथे जाऊ नकोस, ती कॉफी फसलेली आहे.

तापमानाचा पेपर: शीर्षकाच्या पुढेही वाचा

याच गटाचा 2020 चा एक पेपर सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये आला. घरी कॉफी करणाऱ्यांमध्ये त्यावरून बरीच खळबळ झाली. कारण पाण्याचं तापमान नव्वदीच्या वरच्या ठरावीक पट्ट्यात हवं हा नियम सगळ्यांना पाठ, आणि हा पेपर म्हणतो की कडकपणा आणि उतारा कायम ठेवले तर तापमानाचा चवीवर फारसा परिणाम होत नाही. त्यांनी 87, 90 आणि 93 अंशांच्या पाण्यानं ड्रिप कॉफी केली, टीडीएस आणि उतारा प्रत्येकी तीन पातळ्यांवर ठेवले, आणि परीक्षकांना चाखायला दिली. तापमानाचे फरक नगण्य निघाले. टीडीएस आणि उताऱ्याचे ठळक.

‘तापमानाला काही अर्थ नाही’ अशा मथळ्यांनी ही बातमी फिरली. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात.

पहिली, ‘कायम ठेवले तर’ हे तीन शब्द. प्रयोगात पाणी थंड केलं की दळण किंवा पाण्याचा वेग बदलून उतारा पुन्हा जागेवर आणला जायचा. घरी आपण असं करत नाही. तुमचं दळण तेच, पूड तीच, आणि पाणी 93 ऐवजी 80 अंशांचं घेतलंत, तर उतारा घसरेल आणि चव बदलेल. तापमानाचा हात आहेच. फक्त तो उताऱ्याच्या मार्फत चालतो. पेपर हेच सांगतो, आणि ते ‘तापमानाला अर्थ नाही’ यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे: तुमच्याकडे थर्मामीटर नसेल तर दळण थोडं बारीक करून भरपाई करता येते.

दुसरी, 87 ते 93 म्हणजे सहाच अंश. या खिडकीतला निष्कर्ष खिडकीबाहेर नेता येत नाही. नेऊ नये याचा पुरावा याच गटाकडून आला. 2022 च्या अभ्यासात त्यांनी 4, 22 आणि 92 अंशांना कॉफी भिजत ठेवली, नंतर पाणी घालून कडकपणा सारखा केला. तिथे मात्र थंड कॉफी जास्त फुलांच्या वासाची, कमी कडू आणि कमी आंबट निघाली.

जाता जाता एक गोष्ट नोंदवायला हवी. या संशोधनमालेला कॉफी यंत्रं बनवणाऱ्या ब्रेव्हिल कंपनीचं अर्थसाहाय्य होतं. पैसे कुणाचे हे विचारायलाच हवं. पण इथे निष्कर्ष असा निघाला की तापमान अंशाअंशानं नेमकं ठेवणारं महागडं यंत्र घेण्याचं एक कारण कमी झालं. प्रायोजकाच्या सोयीचं लिहिलंय असं म्हणता येत नाही.

118 लोक आणि त्यांची आवड

2021 मध्ये आवडीचा भाग छापून आला. 118 जणांना 27 प्रकारची कॉफी दिली. तीन टीडीएस, तीन उतारे, तीन तापमानं. सगळ्यांची सरासरी काढून एक आदर्श बिंदू सांगता आला असता. त्यांनी तसं न करता लोकांचे गट पडतात का ते पाहिलं. दोन गट पडले, आणि त्यांच्या आवडीचे नकाशे वेगवेगळे होते. आवड आलेखाच्या बऱ्याच मोठ्या भागावर पसरलेली होती. पेपरचं शीर्षकच तसं आहे.

सरासरीचा धोका इथे नीट दिसतो. अर्ध्या पंगतीला तिखट आमटी आवडते, अर्ध्या पंगतीला गोड. तुम्ही सरासरी काढून मध्यम आमटी केलीत, तर ती कुणाचीच आवडती नसते. आदर्श चौकोन ही अशी पंगतीची सरासरी आहे.

या अभ्यासावर माझी टीका आहे ती वेगळी. हे 118 जण काळी कॉफी पिणारे होते. प्रयोग सोपा ठेवायचा तर हे योग्यच. पण मग 2023 मध्ये जो नवा, सुधारित आलेख आला, तोही काळ्या ड्रिप कॉफीचाच आहे. जुना चौकोन मोडला, शेरे सुधारले, पण आलेखाच्या बाहेर जे होते ते बाहेरच राहिले. त्या बाहेरच्यांत आपण आहोत.

चिकोरी, दूध आणि जायफळ

दाक्षिणात्य फिल्टर कॉफी घ्या. मुंबईत माटुंग्याला मिळते ती. तिच्या पुडीत बऱ्याचदा चिकोरी असते. आपल्या अन्न नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते. आता भाजलेल्या चिकोरीचा निम्म्याहून अधिक भाग पाण्यात विरघळतो. कॉफीच्या जवळपास दुप्पट. 15 ग्रॅम पुडीत 9 ग्रॅम कॉफी आणि 6 ग्रॅम चिकोरी आहे असं धरा. कॉफीचा उतारा व्यवस्थित 20 टक्के, म्हणजे 1.8 ग्रॅम. चिकोरीचा 60 टक्के धरला तर 3.6 ग्रॅम. एकूण 5.4. भागिले 15. उतारा 36 टक्के!

आलेखावर 36 टक्के कुठे आहे? कागदाच्या बाहेर. आलेखाच्या भाषेत ही कॉफी भयानक कडू, पार पिळून काढलेली असायला हवी. प्रत्यक्षात त्यातली कॉफी बरोबर 20 वर आहे, आणि जास्तीचा माल चिकोरीचा आहे. शिवाय रिफ्रॅक्टोमीटरचं कोष्टक कॉफीसाठी आहे, त्यामुळे त्याचा आकडाही इथे विश्वासाचा नाही. दूध घातलंत तर विषयच संपला. दुधातच 12 टक्क्यांच्या आसपास घन पदार्थ असतात.

‘मग हा आलेख आमच्यासाठी नाहीच’ असं म्हणून सोडून देता येईल. पण दुधाचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या गोड आहे. दुधातली प्रथिनं कॉफीतल्या पॉलिफेनॉल्सना धरून ठेवतात. दुधातल्या स्निग्धांशामुळे कडूपणा कमी जाणवतो. म्हणजे दुधात घालायचा काढा कडक असायलाच हवा, नाहीतर दुधाखाली त्याचा पत्ता लागणार नाही. फिल्टरमधल्या दाट काढ्याला ‘प्रमाणाबाहेर कडक’ म्हणणं म्हणजे भातावर घ्यायच्या वरणाला नुसतं चाखून खारट ठरवण्यासारखं आहे.

आणि आपली मराठी घरातली कॉफी? दुधात उकळलेली, साखर घातलेली, वरून जायफळ किसलेलं. त्यावर नाक मुरडणारे खूप आहेत. ‘साखर घातलीत तर चव कळणार नाही’ हे तुम्हालाही कुणीतरी कधीतरी ऐकवलं असेल. इथे एक मजेशीर गोष्ट सांगतो. कॉफीची चव सांगायला स्पेशालिटी कॉफीवाले एक रंगीत चक्र वापरतात. 1995 चं ते चक्र 2016 मध्ये नव्यानं केलं गेलं. त्यात ब्लूबेरी आहे, गुलाब आहे, डाळिंब आहे. आणि मसाल्यांच्या पाकळीत लवंग-दालचिनीच्या शेजारी जायफळही आहे. म्हणजे कॉफीत जायफळाचा भास झाला तर तो गुण, आणि आजीनं खरंखुरं जायफळ किसलं तर तो अडाणीपणा.

या चक्राची बाजूही घ्यायला हवी. ते वर्णन करतं, निकाल देत नाही. त्यावर ‘आदर्श’ असा चौकोन नाही. त्याची मर्यादा वेगळी आहे. त्यातले वास कुठल्यातरी ओळखीच्या पदार्थाशी ताडून बघायचे असतात, आणि ते पदार्थ बहुतेक अमेरिकी किराणा दुकानातले आहेत. चक्रात ब्लॅकबेरी आहे, जांभूळ नाही. लिंबू आहे, कोकम आणि चिंच नाही. चिकमगळूरच्या कॉफीचा आंबटपणा मला कोकमाच्या जवळचा वाटला, तर तो लिहायला अधिकृत शब्द नाही. मी ‘ग्रेपफ्रूट’ लिहावं अशी अपेक्षा असते, जे मी दोनदाच खाल्लंय.

अक्षच नसलेल्या गोष्टी: भाजणं

आलेखात अजून एक मोठी जागा रिकामी आहे. भाजण्याला त्यात अक्ष नाही. हिरव्या बीत 10 ते 12 टक्के पाणी असतं. भाजताना ते उडतं, बी तपकिरी होते, 200 अंशांच्या आसपास लाह्या फुटल्यासारखा तडतड आवाज येतो. तिथून पुढचं प्रत्येक मिनिट चव बदलतं. क्लोरोजेनिक आम्लं तुटून त्यांची लॅक्टोन्स होतात, त्यांचा कडूपणा सौम्य असतो. अजून भाजत गेलात तर फिनाइलइंडेन्स बनतात, आणि त्यांचा कडूपणा जिभेवर रेंगाळतो. कॉफी कडू कॅफीनमुळे लागते असं सगळे समजतात. पण कॅफीनचा वाटा त्यात थोडाच आहे.

याचा अर्थ असा की हलक्या भाजलेल्या आणि काळ्या भाजलेल्या बीचे दोन कप आलेखावर एकाच बिंदूवर बसू शकतात. 20 टक्के, 1.25. दोन्ही बरोबर चौकोनाच्या मधोमध. आणि चवीत जमीन-अस्मानाचा फरक. रवा किती भाजला हे न विचारता फक्त साखर-पाण्याचं प्रमाण बघून शिऱ्याला गुण द्यावेत, तसं हे.

एवढं का लावून धरायचं?

कारण आकडा कपात थांबत नाही. कॉफीला 100 पैकी गुण द्यायची पद्धत गेली कित्येक वर्षं आहे, आणि 80 च्या वर गेली तर ती ‘स्पेशालिटी’. 79 आणि 81 मधला फरक चाखणाऱ्याच्या जिभेवर पुसट असतो, पण कोडगूच्या किंवा इथिओपियाच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात तो पुसट राहत नाही. त्या गुणांतही वर्णन आणि आवड मिसळलेली होती. ‘आंबटपणा: 8’ म्हणजे आंबट जास्त की आंबटपणा छान? एकाच आकड्यात दोन्ही.

चांगली बातमी अशी की हे आता उद्योगालाच पटतंय. स्पेशालिटी कॉफी असोसिएशननं 2023 मध्ये मूल्यमापनाची नवी पद्धत चाचणीसाठी आणली. त्यात वर्णनाचा तक्ता वेगळा आणि आवडीचा वेगळा. कॉफी कशी आहे आणि मला ती कशी वाटली, ही दोन वेगळी पानं. पाहायला साधा बदल आहे. पण चौकोन आणि अक्ष वेगळे करण्याचंच हे काम आहे. आवड मोजा, जरूर मोजा, पण कुणाची मोजली ते शेजारी लिहा.

अजून जे झालं नाही ते मात्र आपल्याकडच्या कुणीतरी करायला हवं. दुधाच्या कॉफीचा आलेख. अक्ष कोणते घ्यावेत इथपासून सुरुवात: काढ्याचा टीडीएस, दुधाचं प्रमाण, चिकोरीचा टक्का, साखर. परीक्षक इथले, तुलनेचे वास इथल्या बाजारातले. एमएस्सीच्या प्रकल्पात पहिला तुकडा होऊ शकेल असा हा विषय आहे. कुणाला गाईड शोधायचा असेल तर अन्नतंत्रज्ञान विभागाचं दार आधी ठोठावा, रसायनवाले नंतर मदतीला येतीलच.

तोवर घरी करता येईल असा एक प्रयोग देतो, म्हणजे कुणी काही छातीठोकपणे सांगितलं की तुम्हाला तपासता येईल. त्याला त्रिकोणी चाचणी म्हणतात. तीन सारखे कप घ्या. दोनांत एक कॉफी, तिसऱ्यात दुसरी: एक 93 अंशांच्या पाण्याची आणि एक 87 च्या, किंवा महाग आणि स्वस्त बियांची, काय हवं ते. कोणत्या कपात काय हे घरातल्या दुसऱ्याला ठरवू दे, तुम्ही बघायचं नाही. तुम्ही फक्त वेगळा कप ओळखायचा. निव्वळ अंदाजानं बरोबर यायची शक्यता तीनात एक. म्हणून एकदा बरोबर आलं तर त्यावर जाऊ नका. 12 वेळा करा, दोन-तीन दिवसांत वाटून, नाहीतर रात्रभर जागे राहाल. त्यात 8 किंवा जास्त वेळा बरोबर आलात तर फरक तुम्हाला खरंच कळतोय असं मानायला हरकत नाही. 7 वर थांबलात तर एवढ्या पुराव्यावर तसा दावा करता येत नाही.

आणि फरक कळला, तरी त्यातली चांगली कोणती हे ही चाचणी सांगत नाही. तो प्रश्न तिनं विचारलेलाच नाही. तो तुम्ही ठरवा, जायफळ घालून किंवा न घालता.